सलीमची पहिली जत्रा

७८६

जुन्नर,
ता. २८ मार्च १९५४

तीर्थस्वरूप अन्सारभाई यांस,

धाकट्या साबेराचा सलाम पोहोचावा. वि. वि.

इकडे आम्ही सर्व खुशाल. सलीमचा हिवाळ्यातला खोकला एकदाचा गेला. सात महिन्यांचा झाला, पण अंगानं अजून पाखरासारखाच आहे. परवा पहिल्यांदा आपला आपण बसला आणि बसल्याच्या आनंदात लगेच पालथा पडला. कान अगदी मामावर गेलेत, असं सासूबाई म्हणतात. मी म्हटलं, कान चालतील, मामाची उपदेश करायची खोड तेवढी नको. नूरभाभीला एवढं वाचून दाखवा. तिला सातवा लागला ना? तिनं आता विहिरीवरून हंडे आणू नयेत. तुम्ही आणा. मास्तरानं पाणी भरलं तर शाळा बंद पडत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. चैत्रात आळ्याची जत्रा भरते, तिथं दरसाल आमचं बांगड्यांचं दुकान असतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. यंदा घराला कुलूप लावून सगळ्यांनीच जायचं आणि सलीमलाही न्यायचं, असा अम्मांचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, हट्ट आहे. माझ्याशिवाय दुकानाचं काम चालत नाही आणि सलीमला मागं ठेवायला घरात कुणी नाही. म्हणजे हट्ट नुसता हट्ट नाही, त्यात अडचणही आहे, हे मला समजतं. पण भाई, मला भीती वाटते. ऊन किती असतं तिथं! धूळ तर अशी की भाकरीला मीठ लावावं लागत नाही. हजारो माणसं एकाच ओढ्याचं पाणी पितात, आणि मागं एका जत्रेनंतर पटकीनं किती घरं बसली ते आपण लहानपणी बघितलंय. शिवाय यंदा इंजिनावर फिरणारं एक मोठं चाक येणार आहे म्हणे. त्याला पाळणे टांगलेले असतात आणि माणसं त्यात बसून आभाळात जातात. अम्मांनी हे ऐकल्यापासून त्या दुसरं काही बोलत नाहीत.

ह्यांना सांगितलं तर हे हसतात. तुमचं ते ऐकतील. तेवढं एक पत्र ह्यांना लिहावं, पण मी सांगितलं असं त्यात येऊ देऊ नये.

आठवण ठेवावी, आणि बहिणीवरची माया उन्हानं आटू देऊ नये.

आपली,
साबेरा


७८६

घोडेगाव,
ता. २ एप्रिल १९५४

चि. सौ. साबेरा हिस,

अन्सारचे अनेक आशीर्वाद आणि दुवा. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हंडे मीच आणतो. गावात त्यावरून चेष्टा झाली, ती तू ऐकायला इथं नव्हतीस हे बरं झालं.

निजामभाईंना आज सविस्तर पत्र टाकलं आहे. तुझं नाव घेतलेलं नाही. ऊन, पाणी, पटकीची सुई, सगळं क्रमानं लिहिलं. तरी ते ऐकतील असं मला वाटत नाही, कारण पोर त्यांचं आहे आणि जत्राही त्यांची आहे.

मी घाबरट आहे असं तू लहानपणापासून म्हणतेस. पण यंदा शिवरात्रीला मी वरच्या वर्गाची मुलं घेऊन भीमाशंकरला गेलो होतो, तिथलं एक सांगतो. गर्दीत एका बाईचं तान्हं मूल हातातून हातात जाता जाता हरवलं. नणंदेला वाटलं जावेकडे आहे, जावेला वाटलं आईकडे आहे. ती बाई कुणालाही हाका मारत नव्हती. ती फक्त भेटेल त्या माणसाचे हात उघडून बघत होती. मूल सापडलं, एका पेढेवाल्या बाईच्या मांडीवर झोपलेलं. पण सापडल्यावरही ती आई दुसऱ्यांचे हात उघडून बघतच राहिली. मी मुलांना घेऊन पुढं निघालो, तरी ते डोळ्यांपुढून हलत नाही. आता आपल्याही घरात पाळणा हलणार, म्हणून असेल.

तेव्हा जावंच लागलं, तर मूल कुणाकडे आहे हे प्रत्येक घटकेला तुला माहीत असू दे. उकळून गार केलेलं पाणी घरून ने. नूर म्हणते, पोरं काचेची नसतात, फार लिहू नका. म्हणून थांबतो.

सलीमला मामाचा पापा. खुशालीचं पत्र पाठवत जावं, ते आलं की इथं जीव ठिकाणावर येतो.

तुझा,
अन्सार


७८६

जुन्नर,
ता. ७ एप्रिल १९५४

मेहेरबान अन्सारभाईसाहेब यांस,

निजामचा सलाम. वि. वि.

आपलं पत्र पावलं. पत्र वाचता वाचता मला पुन्हा शाळेत बसल्यासारखं झालं. आपण साबेराचं नाव घेतलं नाहीत, पण ओळीओळीत तीच बोलत होती. असो. आईची काळजी आहे, ती मला समजते.

आम्ही मोठ्यांनी सुई टोचून घेतली आहे. पाण्याचे डेरे घरून नेतो आहे. दुकानाला दुहेरी कापड लावणार, म्हणजे ऊन खाली येणार नाही. मी स्वतः चाळीस दिवसांचा असताना अम्मा मला बांगड्यांच्या पेटाऱ्याशेजारी निजवून जत्रा करायची, आणि मी अजून आहे. त्या चाकाचं म्हणाल, तर तान्ह्या पोराला घेऊन तिथं कोण चढतं? म्हातारीला वर बघण्याचा शौक आहे, बसण्याचा नाही.

आपण निर्धास्त असावं. भाभींना सलाम सांगावा, आणि आमच्यावरचा भरवसा ढळू देऊ नये.

आपला,
निजाम


७८६

आळे,
ता. १५ एप्रिल १९५४

अन्सारभाईसाहेब यांस,

सलाम. काल जत्रेत मोठ्या चाकाला अपघात झाला. अम्मा आणि सलीम त्यात होते. दोघं जिवंत आहेत. साबेराला लिहिता येत नाही, हात फार कापतो. आम्ही जुन्नरला परततो आहोत. आपण मला काहीही बोला, पण आज नको.

निजाम


७८६

घोडेगाव,
ता. १७ एप्रिल १९५४

चि. सौ. साबेरा हिस,

दुवा. निजामभाईंचं कार्ड आलं. जिवंत आहेत म्हणजे कसे आहेत? एवढ्या एका शब्दावर मी कालची रात्र काढली. सलीमला कुठं लागलं का? डोक्याला मार आहे का? दूध पितो का? वार्षिक परीक्षा चालू आहेत आणि हेडमास्तर सोडत नाहीत, नाहीतर कार्ड हातात पडलं तेव्हाच निघालो असतो. नूर रडते आहे, आणि तिनं या दिवसांत रडू नये म्हणून मी तिच्यासमोर हसतो, ते तिला जास्तच भीतीचं वाटतं.

हात कापत असला तरी लिही. वेडंवाकडं लिही. मला वाचता येईल.

अन्सार


७८६

जुन्नर,
ता. २० एप्रिल १९५४

तीर्थस्वरूप अन्सारभाई यांस,

साबेराचा सलाम. वि. वि.

हात आता थोडा स्थिर झालाय. आधी हे, की सलीमला खरचटलंसुद्धा नाही. दूध पितो. आता बाकीचं सांगते.

पहिला दिवस इतका चांगला गेला की माझी मलाच लाज वाटली. सलीम कागदाची भिरभिरी बघून हात उडवत होता आणि ढोल वाजत असताना खुशाल झोपला. हे मला म्हणाले की मास्तरांना कळवू का, पोरगं जत्रेत रमलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी दुकानाला गर्दी झाली. माझ्यासमोर पिंपरी पेंढारची म्हाळसाबाई म्हणून एक धनगरीण बांगड्या भरायला बसली होती. तिचा नवरा राघू मागं उभा राहून आटप आटप करत होता, आणि ती त्याला सांगत होती की मेंढरं काय पळून जात न्हाईत, जरा दम धरा. सलीम किरकिर करायला लागला, तशा अम्मा म्हणाल्या की याला लाकडी घोडे दाखवून आणते. मी दिला. तुम्ही लिहिलं होतं, मूल कुणाकडे आहे हे माहीत असू दे. मला माहीत होतं, भाई. आजीकडे आहे, हे मला पक्कं माहीत होतं.

म्हाळसाबाईचा हात कष्टाचा, बांगडी चढेना. मी तो दाबून मऊ करत होते, तेवढ्यात वारा सुटला. अंगावर माती मारणारी वावटळ. आमच्या दुकानाचं कापड फाटलं, मांडणी कोसळली, ह्यांनी खांबाला मिठी मारली. डोळे उघडले तेव्हा त्या चाकाकडून आरडाओरडा ऐकू येत होता. म्हाळसाबाईनं वर बघितलं आणि मला विचारलं की ती हिरव्या ओढणीची म्हातारी तुमचीच न्हवं?

अम्मा वर होत्या. देवळाच्या कळसाच्या उंचीवर. आणि सलीम त्यांच्याजवळ होता.

मी ओरडले असेन, पण मला माझा आवाज आठवत नाही. काचांवरून पळाले ते पायावरून नंतर कळलं. तिथं जाऊन बघते तो इंजिनाचा पट्टा तुटलेला. खालच्या पाळण्यांतली माणसं वारा सुटताच उड्या टाकून उतरली होती, त्यामुळं चाकाची एक बाजू हलकी आणि एक जड झाली होती. मोकळं सोडलं तर गरगर फिरेल, म्हणून चाकवाल्यांनी आऱ्यांमध्ये ओंडका अडकवून ते धरून ठेवलं होतं. त्यांना ते फिरवताही येईना आणि सोडताही येईना. वरती अम्मांच्या पाळण्याचा एका बाजूचा खिळा निसटला होता. पाळणा तिरका होऊन वाऱ्यावर हेलकावत होता.

हे चढायला लागले. ह्यांच्या वजनानं चाक कुरकुरलं आणि वरचा पाळणा आणखी कलला, तशी लोकांनी ह्यांना ओढून खाली घेतलं. चाकाचा मालक हात जोडून उभा होता. लोक त्याला मारायला धावले, म्हणजे जे ओंडका धरून होते त्यातले काहीजण तो सोडून मारायला निघाले. तेव्हा राघू त्यांच्यावर खेकसला की मारायचं ते मागून मारा, आदी लाकूड धरा. मग ह्यांना म्हणाला की पावणं, तुमी जड हाय, मी हलका हाय. त्यानं आपली घोंगडी पाठीला आडवी बांधून तिची खोळ केली. वाटेत मेंढी व्याली की नवं कोकरू ते लोक तसंच पाठीवर घालून चालतात. आणि तो आऱ्यांना धरून वर चढायला लागला. बाकीच्या धनगरांनी खाली घोंगड्या ताणून धरल्या. पण भाई, एवढ्या उंचावरून पडणाऱ्याला घोंगडी किती पुरणार, हे ती धरणाऱ्यांच्या तोंडावर मला दिसत होतं.

म्हाळसाबाईनं मला कमरेला धरून ठेवलं होतं, नाहीतर मी त्याच्या मागं चढले असते. तो वर पोहोचला. अम्मा पोराला सोडेनात. तो काहीतरी बोलत होता, खाली ऐकू येत नव्हतं. मग तो एकटाच उतरताना दिसला, आणि मला वाटलं, संपलं. तो वळला तेव्हा पाठीवरच्या खोळीतून सलीमचं जावळ दिसलं. एकदा त्याचा पाय घसरला. घोंगड्या धरणारे सगळे एकदम त्याच्याखाली सरकले.

सलीम माझ्या हातात आला तेव्हा तो रडत नव्हता. डोळे उघडे, पापण्यांवर माती, आणि आवाज नाही. मी त्याला हलवलं. म्हाळसाबाईनं त्याच्या तळपायाला टिचकी मारली. तेव्हा तो रडला.

मग मी त्याला घेऊन जमिनीवर बसले, आणि पुन्हा वर बघितलं नाही. चाकाला दोन्ही बाजूंनी दोर बांधून, तसूतसूनं ढिले सोडत अम्मांना खाली आणलं. त्यांच्या हातातल्या बांगड्या फुटून मनगटात रुतल्या होत्या. काचा डॉक्टरांनी काढल्या. मी त्यांच्याजवळ गेले नाही. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

घरी आल्यापासून सलीमला झोळीत घातलं की तो किंचाळतो. खिडकीची फळी वाऱ्यानं वाजली तरी दचकून माझं लुगडं मुठीत धरतो. मी त्याला खाली ठेवत नाही. अम्मा त्याला हातच लावत नाहीत. तो ज्या खोलीत असेल तिथून उठून जातात. आमचं दोघींचं बोलणं बंद आहे. हे दोघींच्या मध्ये उभे असतात, आणि पाणी मागायचं असलं तरी कुणाकडे मागावं ते त्यांना समजत नाही.

मला न्यायला या, भाई. या घरात मला सलीमवरची नजर काढता येत नाही. डोळा लागला की तो कुणीतरी उचलून वर नेलाय असं वाटतं.

आपली,
साबेरा


७८६

घोडेगाव,
ता. २४ एप्रिल १९५४

चि. सौ. साबेरा हिस,

दुवा. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा धीर झाला नाही. शाळा सुटली की एक तारखेला मी येतो आणि तुम्हा दोघांना घेऊन येतो. रोजेही जवळ आलेत. ते इथं कर, आणि पुढं नूरच्या बाळंतपणाला राहा. निजामभाईंना मी वेगळं लिहीत नाही. समोर बोलेन.

त्या राघूला आपल्या घरानं काय द्यावं, मला सुचत नाही. नमाजानंतर त्याच्या पोराबाळांसाठी दुवा मागतो.

मला तुझ्या सासूबाईंचा, जोहराबींचा, राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. नूरनं मात्र विचारलं की त्या बाई वर इतका वेळ होत्या, त्यांना कुणी काही विचारलं का? मी तिला गप्प केलं. मग आम्ही दोघंही जेवलो नाही.

कपडे बांधून ठेव. धीर सोडू नकोस.

तुझा,
अन्सार


७८६

जुन्नर,
ता. २८ एप्रिल १९५४

अन्सारभाई यांस,

हे पत्र अम्मा सांगताहेत आणि मी लिहिते आहे. हे माल आणायला पुण्याला गेलेत आणि घरात लिहिणारं दुसरं कुणी नाही. मघाशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की तुज्या भावाला चार सबूद धाडायचेत, मी सांगते तसंच लिही, मदी काय घालू नको. जत्रेनंतर त्या माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं. खाली त्यांचेच शब्द आहेत.

मास्तर, जोहराबीचा सलाम. तुमी येनार आसं कळलं. या. पोरीला आन् पोराला घिऊन जा. मी आडवी येनार न्हाई. मोटारीत त्येला वाऱ्याच्या अंगाला बसवू नका, त्येला वाऱ्याचं भ्या बसलंया. तुमाला माजा राग आला आसंल. येऊ द्या.

मी कशापायी चढले त्ये कुनी इचारलं न्हाई, तरी सांगते. उमर गेली दुसऱ्या बायांच्या हातात काकनं भरन्यात. जत्रा लई केल्या, बघितली एक बी न्हाई. समोर दिसायचं त्ये नुसतं मनगाट. घोडं बघून झालं, तवा चाकवाला म्हनला, आजी, बसा, नातवाला आभाळ दावा. मला वाटलं, त्येला काय कळनार, पर मला कळंल.

वर लई ब्येस व्हतं. ह्ये सांगायला लाज वाटती, पर खरं हाय. समदी जत्रा पायाखाली. आपलं दुकान येवढंसं. सून बसल्याली दिसली. मी पोराला म्हनले, ती बग तुजी आई, कशी मन लावून काम करती.

मंग वारं आलं. कडाकडा वाजलं आन् बूड एकीकडं खाली ग्येलं. मी एका हातानं दांडी धरली, एका हातानं पोर. खाली बघितलं तर समदी मान्सं वर बगत व्हती आन् कुनाचा हात पोचत नव्हता. मला कळलं का आता पडायचं. भ्या आसं की तोंडात आल्लाचं नाव बी यीना. मंग मी इचार केला की पडायचंच तर कसं पडायचं. दांडी काखंत धरली, ओडनीनं त्येला छातीशी आवळून बांदला आन् पाठ भुईकडं केली. पाठीवर पडलं का पोर वर ऱ्हातं. म्हातारीची हाडं काय मऊ न्हाईत, पर भुईपरीस बरी.

तशी किती येळ बसले ठावं न्हाई. एका जागी बसून मी लई डाव पडले, मास्तर. दर डाव पोराला वर धरून पडले. त्यो धनगर आला आन् म्हनला, सोडा आजी, मी नेतो. माजी बोटं सुटंनात. त्यो म्हनला, माजं कोकरू आसल्यागत नेतो. तवा सोडलं.

त्या दिसापून त्येला घ्यावं म्हनलं की माजं हात कापाया लागत्यात. कापत्या हातात कुनी पोर द्यावं? म्हनून घिऊन जा. माज्यापासून लांब ऱ्हाऊ द्या. त्यो मोठा झाला का मंग त्येला सांगा, तुजी आजी

भाई, अम्मा इथं थांबल्या. आता मी लिहिते.

पाठ भुईकडे केली, हे लिहिताना माझी लेखणी थांबली होती. मी म्हटलं, अम्मा, पुन्हा सांगा. त्यांना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, अगदी हिशेबानं, बांगडी कशी भरायची हे शिकवावं तसं. मी खाली बसून इतके दिवस फक्त एवढंच बघत होते की त्यांनी माझं मूल वर नेलं. वर गेल्यावर त्यांनी काय केलं, हे मी विचारलंच नाही.

मी उठले आणि सलीमला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या म्हणाल्या नको, माजं हात बग. मी म्हटलं, कापू देत. त्या इतक्या घाबरल्या की त्यांनी त्याला धरलंच नाही, दोन्ही हात हवेत ठेवून बसल्या. तो घसरायला लागला तेव्हा मात्र त्यांनी झडप घालून त्याला पोटाशी घेतलं. तो रडला, फार रडला. त्या त्याला माझ्याकडे देत होत्या. मी घेतला नाही. हात पाठीमागं बांधून उभी राहिले, आणि भाई, एवढी भीती मला त्या चाकाखालीही वाटली नव्हती.

आत्ता हे लिहिते आहे तर बाहेर वारा सुटलाय आणि खिडकीची फळी वाजतेय. दर वेळी दोघंही दचकतात. सलीमनं त्यांची ओढणी मुठीत धरलीय, आणि त्यांनी त्याची मूठ आपल्या मुठीत. त्यांचे हात अजून कापताहेत. तो मात्र हळूहळू डोळे मिटतोय.

एक तारखेला तुम्ही या. पण न्यायला नको, राहायला या. नूरभाभीला प्रवास सोसणार असेल तर तिलाही आणा. सावकाश, बैलगाडीनं.

आमच्या तिघांचा लोभ तुमच्याजवळ आहे, तो सांभाळावा.

आपली,
साबेरा